अद्भुतकथा आणि त्रैराशिक

परीक्षा जवळ आली म्हणजे घरांतील गोष्टींचीं पुस्तकें प्रथम कपाटांत जातात. त्यांतही राक्षस, बुटके, उडते गालिचे आणि चित्रकथांतील स्पायडरमॅन ह्यांची रवानगी सर्वांच्या आधीं होते. पालकांचा हेतु चांगलाच असतो. जें जगांत नाहीं तें वाचून मुलाच्या पदरीं काय पडणार, असें त्यांस वाटतें. आणि आम्ही शिक्षक ह्या पुस्तकांची बाजू घेतों तेव्हांही बहुधा इतकेंच म्हणतों कीं, कडू काढा गुळाबरोबर दिला तर पोटांत जातो. ही बाजू फार लंगडी आहे. गूळ चाटून काढा ओतून देणारीं मुलें प्रत्येक वर्गांत असतात, हें कोणाही शिक्षकास ठाऊक आहे.

आमचें म्हणणें निराळें आहे. चांगल्या अद्भुतकथेंत लेखक जगाचा एखादाच नियम बदलतो आणि बाकीचें जग आहे तसेंच ठेवतो. माणूस बारा पटींनीं लहान झाला. परंतु पाणी, दगड, भूक आणि थंडी हीं पूर्वीचींच राहिलीं. मग त्या एका फरकानें काय काय उलटेंपालटें होईल ह्याचा हिशेब करावा लागतो, आणि तो हिशेब करणें हाच अभ्यास होय. विक्रमाच्या खांद्यावरील वेताळ गोष्ट सांगून थांबत नाहीं. गोष्ट संपतांच तो प्रश्न घालतो, आणि उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाचीं शकलें होतील, असा धाकही घालतो. गोष्ट ऐकणें हें निम्मेंच काम आहे, हें त्या वेताळास चांगलें कळत होतें.

उदाहरणादाखल एकच पुस्तक जरा सावकाश पाहूं. जोनाथन स्विफ्ट हे डब्लिन शहरांतील सेंट पॅट्रिकच्या चर्चचे डीन होते. त्यांचें ‘गलिव्हरचा प्रवास’ १७२६ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. त्या काळच्या राजकारणावर केलेला तो झणझणीत उपहास होता. पुढें पुस्तक मुलांच्या हातीं गेलें, आणि मुलांनीं उपहास सोडून बुटके तेवढे ठेवून घेतले. लिलिपुट बेटावरील माणूस सहा इंचांहूनही किंचित् कमी उंचीचा. गलिव्हर त्याच्या बारा पट उंच. तेथील बादशहाच्या गणितज्ञांनीं गलिव्हरची उंची मोजली आणि त्याचें रोजचें अन्न ठरविलें. तें किती? लिलिपुटच्या १७२८ माणसांस पुरेल इतकें.

ही संख्या फळ्यावर लिहून ती आली कोठून, असें वर्गास विचारावें. पहिलें उत्तर बहुधा त्रैराशिकाचें येतें. उंची बारा पट, तर अन्नही बारा पट. मग हे १७२८ काय म्हणून? मुलें जरा चिडतात, आणि तें चिडणें उपयोगाचें असतें. मग कोणी तरी लांकडी ठोकळे एकावर एक रचूं लागतो. दुप्पट लांबीचा ठोकळा करावयास दोन ठोकळे पुरत नाहींत, आठ लागतात. तिप्पट लांबीस सत्तावीस. बारा पटीस बारा गुणिलें बारा गुणिलें बारा, म्हणजे बरोबर १७२८. घनफळाचें सूत्र पाठ असलेलीं मुलेंही येथें क्षणभर थांबतात. सूत्र त्यांच्या वहींत होतें. तें गलिव्हरच्या पोटांतही असेल, असें त्यांच्या मनांत आलेलें नसतें.

गलिव्हरच्या अंथरुणाचा मजकूर तर आम्हांस ह्या अन्नाहूनही अधिक आवडतो. त्याच्यासाठीं लिलिपुटच्या सहाशें गाद्या आणल्या. त्यांपैकीं दीडशें एकमेकींस शिवून लांबी-रुंदी भरून काढली, आणि असे चार थर एकावर एक घातले. आतां लांबीस बारा व रुंदीस बारा, म्हणजे १४४ गाद्या हव्यात. दीडशें हा आंकडा छान जमतो. पण जाडीसही बारा थर पाहिजेत, आणि घातले चारच! खालची फरशी दगडी होती, आणि तिचा कठीणपणा फारसा कमी झाला नाहीं, अशी गलिव्हरची तक्रार आहे. ती तक्रार खरी कां, हें सातवींतील मूल पाटीवर सिद्ध करून दाखवूं शकतें. इतकें नेटकें उदाहरण अंकगणिताच्या पुस्तकांत क्वचितच सांपडतें.

परंतु ते गणितज्ञ बरोबर होते काय? हा प्रश्न विचारला म्हणजे वर्ग खरा जागा होतो. गलिव्हरचें वजन १७२८ पट, हें कबूल. पण अन्न वजनाच्याच प्रमाणांत लागतें काय? चिचुंद्रीच्या जातींतील अगदीं लहान प्राणी रोज जवळजवळ आपल्या वजनाइतकें अन्न खातात; हत्ती आपल्या वजनाचा दहावा हिस्साही खात नाहीं. लहान शरीरास वजनाच्या मानानें कातडी फार, म्हणून त्याची ऊब लौकर निघून जाते. शरीर मोठें होत जातें तशी प्रत्येक शेरामागें लागणारी भूक कमी होत जाते. मॅक्स क्लायबर ह्या स्विस वंशाच्या शास्त्रज्ञानें कॅलिफोर्नियांत काम करीत असतां १९३२ सालीं उंदरापासून बैलापर्यंतच्या प्राण्यांचीं मापें एकत्र मांडलीं, आणि त्यांतून एक सोपा ठोकताळा निघाला. वजन जितक्या पट असेल त्या संख्येचें वर्गमूळ काढावें, त्या वर्गमूळाचें पुन्हां वर्गमूळ काढावें, आणि जें येईल त्याचा घन करावा. अन्न सुमारें तितक्या पट लागतें. १७२८ चें वर्गमूळ ४१.५७, त्याचें पुन्हां वर्गमूळ ६.४५, त्याचा घन सुमारें २६८. म्हणजे गलिव्हरला पावणेतीनशें माणसांचें अन्न सहज पुरलें असतें! त्याच्या खर्चापायीं लिलिपुटचा खजिनदार हैराण झाला होता, असें पुस्तकांत आहे. त्या बिचाऱ्यास क्लायबर भेटला असता तर खजिना वांचला असता. ह्यांत स्विफ्ट ह्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. अठराव्या शतकांत हें कोणासच ठाऊक नव्हतें. मात्र दोनशें वर्षांनीं लागलेल्या शोधाच्या दारापर्यंत मुलास एका गोष्टीनें आणून सोडलें, हें थोडें नव्हे.

दुसऱ्या प्रवासांत हिशेब उलटा फिरतो. ब्रॉबडिंगनॅगचे लोक गलिव्हरच्या बारा पट उंच आहेत. त्यांचें वजन १७२८ पट. पण ज्या हाडावर तें वजन पडावयाचें त्याच्या आडव्या छेदाचें क्षेत्रफळ १४४ पटच. तेव्हां हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर आपल्यापेक्षां बारा पट भार आला. ही अडचण गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या मोठ्या ग्रंथांत मांडली होती. एक हाड तिप्पट लांब करावयाचें तर तें किती बेढब जाड करावें लागेल, ह्याचें चित्रही त्यानें दिलें आहे. जे. बी. एस. हॉल्डेन, जे पुढें १९५७ सालीं भारतांत येऊन राहिले, त्यांनीं १९२६ सालच्या एका निबंधांत हाच विचार केला, आणि त्यासाठीं लहानपणीं चित्रांत पाहिलेले ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ मधील राक्षस घेतले. जॉन बन्यन ह्यांचें हें पुस्तक मराठी वाचकांस परकें नाहीं. हरि केशवजी ह्यांनीं तें ‘यात्रिकक्रमण’ ह्या नांवानें १८४१ सालींच मराठींत आणलें. हॉल्डेन म्हणतात कीं, माणसाच्या मांडीचें हाड त्याच्या वजनाच्या सुमारें दहापट भाराखालीं मोडतें. मग दहापट उंचीच्या राक्षसाची मांडी पहिल्याच पावलास मोडणार! त्या चित्रांत राक्षस बसलेलेच कां दाखविले होते, ह्याचा उलगडा हॉल्डेनना असा झाला.

हे झाले विलायती राक्षस. आपला बकासुर कांहीं कमी नाहीं. एकचक्रा नगरीचे लोक त्यास पाळीपाळीनें गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस पाठवीत, असें महाभारतांत आहे. रेडे आणि माणूस तूर्त बाजूस ठेवूं आणि भाताचा हिशेब करूं. समजा, गाड्यांत साडेसातशें किलो भात मावतो, आणि आपणांस दिवसास सर्व मिळून दीड किलो अन्न लागतें. म्हणजे बकासुराचा आहार पांचशें पट झाला. लिलिपुटच्या गणितज्ञांची रीत घेतली तर आठाचा घन ५१२, म्हणून बकासुर आपल्या सुमारें आठ पट उंच. क्लायबरची रीत उलट चालविली तर मात्र तो सोळा पट उंच ठरतो, म्हणजे नव्वद फुटांच्या आसपास; आणि मग त्याच्या मांडीचें काय झालें असतें, हें वाचकांनींच पाहावें. भीमानें ज्याचें कंबरडें मोडलें तें आधींच निम्मेंशिम्में मोडलेलें होतें, असें एका विद्यार्थ्याचें मत पडलें. मत चुकीचें म्हणतां येणार नाहीं.

अशा हिशेबानें गोष्टीचा रस जातो काय? ही शंका पालकांपेक्षां शिक्षकांनाच अधिक येते. आमचा अनुभव असा कीं, हिशेब झाल्यावर मुलें पुस्तक पुन्हां मागून नेतात, आणि ह्या खेपेस बारीक लक्ष देऊन वाचतात. भीमाचा पराक्रम हाडाच्या छेदानें उणा होत नाहीं. बकासुराच्या गोष्टींत दुसऱ्याच्या मुलाऐवजीं स्वतःचा मुलगा पाठविणारी कुंती आहे. ती कोणत्याही सूत्रांत बसत नाहीं, आणि ती बसवूंही नये.

आजच्या मुलांस गलिव्हरपेक्षां स्पायडरमॅन अधिक ओळखीचा आहे, तेव्हां त्याचेंही एक उदाहरण घेऊं. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स काकालिओस ह्यांनीं २००१ सालीं नवीन विद्यार्थ्यांसाठीं चित्रकथांच्या आधारें पदार्थविज्ञान शिकविण्याचा वर्ग सुरू केला. पुढें २००५ सालीं त्याच विषयावर त्यांचा ग्रंथ निघाला. १९७३ सालच्या एका अंकांत स्पायडरमॅनची मैत्रीण ग्वेन पुलाच्या खांबावरून खालीं फेंकली जाते. तो आपल्या जाळ्याचा धागा सोडून तिला वरच्या वर धरतो, आणि तरीही ती मरण पावते. असें कां व्हावें? समजा, ती नव्वद मीटर खालीं आली. तिचा वेग सेकंदास सुमारें बेचाळीस मीटर झाला. हा सगळा वेग अर्ध्या सेकंदांत नाहींसा करावयाचा तर शरीरास बसणारा हिसका त्याच्या वजनाच्या नऊ-दहा पट होतो. उंच झेल घेतांना क्रिकेटपटु आपले हात मागें कां घेतो, हें ज्यास कळलें त्यास ग्वेनचा मृत्युही कळला. तिला धरणें पुरेसें नव्हतें. हळूहळू थांबवावयास हवें होतें. आवेगाच्या धड्यांतील वेळ हें अक्षर इतक्या हळहळीनें मुलांनीं दुसऱ्या कशावरून शिकल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं.

सर्वच अद्भुत वाङ्मय ह्या कामीं येतें असें मात्र नाहीं. ज्या गोष्टींतील जादूस मर्यादा नाहीं तिच्यांतून गणित निघत नाहीं. दिव्यांतील राक्षस हवें तें, हवें तेव्हां आणून देतो. तेथें विचारावयाचें काय उरलें? तोच तीन वर देऊन थांबणार असेल तर लगेच विचार सुरू होतो. आणि वर्गाच्या भिंतींवर हॅरी पॉटरच्या किल्ल्याचीं चित्रें लावून, मुलांच्या तुकड्यांस त्यांतील वसतिगृहांचीं नांवें देऊन, धडा मात्र जुन्याच रीतीनें घोकून घेणें, हा तर शुद्ध गुळाचा प्रयोग होय. मुलें चार दिवस खूष असतात, पांचव्या दिवशीं त्यांस कळतें. शिवाय शिक्षकास स्वतःस तें पुस्तक आवडलेलें असावें लागतें. न वाचलेल्या पुस्तकाचें प्रेम दाखविणारा शिक्षक मुलांस फार लौकर ओळखूं येतो.

मराठींत ह्या कामास उपयोगी पडणारें वाङ्मय आहे, आणि तें शास्त्रज्ञाच्या हातचें आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेंत ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखकाचें नांव होतें नारायण विनायक जगताप. कथेस पारितोषिक मिळालें, आणि मग उघड झालें कीं, हा लेखक म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर! नांवामुळें परीक्षकांचें मन झुकूं नये म्हणून त्यांनीं आपलीं आद्याक्षरें उलटीं करून हें टोपणनांव घेतलें होतें. त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह १९७९ सालीं निघाला. २०२५ सालीं ते निवर्तले. त्यांच्या कथा आपल्या ग्रंथालयांत जरूर मागाव्यात. प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंद चालतो, हें वाक्य पाठ करणें निराळें, आणि प्रवासास गेलेला माणूस परत आला तेव्हां घरीं कोण कोण उरलें असेल, ह्याची काळजी करणें निराळें.

सुट्टींत करून पाहावयास एक उदाहरण देतों. पालकांनींही हातभार लावण्यास हरकत नाहीं. मोठा माणूस आंघोळ करून उठतो तेव्हां त्याच्या अंगावर सुमारें अर्धा किलो पाणी राहतें, असें हॉल्डेन सांगतात. माणसाचें वजन साठ किलो धरावें. तर लिलिपुटचा रहिवासी आंघोळ करून उठला म्हणजे तो आपल्या वजनाचा कितवा हिस्सा पाणी अंगावर घेऊन चालत असेल? माशीएवढा माणूस असता तर तो पाण्याबाहेर येऊं शकला असता काय? उत्तरें शाळा सुरू झाल्यावर वर्गांत आणावींत.