काडी लावण्याआधी

ऊस तुटला की आमच्या शिवारात पाचट पेटायचं. आबा पेटवायचे, मीही काडी लावली आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात मृदाशास्त्रात एम.एस्सी. करताना त्या जाळात काय गेलं ते कळलं.

हे शिक्षण दोन वर्षांचं, चार सत्रांचं. वर्गात शिकायचं असतंच, पण खरा कस प्रबंधात लागतो. शेतातून मातीचे नमुने आणायचे, सावलीत वाळवायचे, चाळायचे. शंकुपात्रात मातीवर डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिड घालून अर्धा तास थांबायचं. मग ब्युरेटमधून थेंब-थेंब सोडायचा. एका थेंबाला निळा-जांभळा रंग लख्ख हिरवा होतो आणि मातीतला सेंद्रिय कर्ब मोजता येतो. तो ०.५ टक्क्याच्या खाली असेल, तर जमीन उपाशी समजावी. पाचट जाळलं की तिच्या तोंडचा घासच जातो.

आता आमच्या खोडव्यात बुडखे छाटून पाचट सरीतच कुजवतो. आच्छादनाखाली ओल टिकते, तण कमी येतं.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं राज्यात आहेत. शेतकऱ्यांच्या मुला-मुलींनो, पदवीवर थांबू नका. शिका, आणि शिकलेलं आधी घरच्या बांधावर न्या.