राणीच्या बागेत, पेंग्विनच्या अलीकडे

भायखळ्याच्या राणीच्या बागेत रविवारी शिरणारी कुटुंबं एकाच दिशेने धावत असतात. पोरं पुढे, आईबाबा त्यांच्या मागे आणि आजी-आजोबा सावलीचा बाक शोधत आणखी मागे. सगळ्यांना आधी पेंग्विन पाहायचे असतात.

ते पाहावेतच. 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन इथे आले आणि मार्च 2017 मध्ये त्यांचं दालन लोकांसाठी उघडलं. मुलांना तेवढं सांगून ठेवा, की हे बर्फातले पेंग्विन नव्हेत. त्यांचं मूळ घर पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर. तिथल्या समुद्रात थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. म्हणून त्यांना गारवा लागतो, बर्फाची गरज नसते. पण गर्दीच्या दिवशी रांग पुढे सरकत राहते आणि काचेसमोर फार वेळ थांबता येत नाही. माझं म्हणणं असं, की पेंग्विन शेवटी ठेवा आणि सकाळचे ताजे पाय बागेच्या बाकीच्या भागासाठी वापरा.

ही बाग 1862 साली लोकांसाठी खुली झाली, ती वनस्पतिउद्यान म्हणून. प्राणी नंतर आले. आजही खरी श्रीमंती झाडांचीच आहे. हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची गोरखचिंच, बुंध्यावरच फुलणारा कैलासपती आणि मूळची म्यानमारची उर्वशी. उर्वशीचे लाल-पिवळे फुलोरे झुंबरासारखे खाली लोंबतात. पिंजऱ्यातला वाघ झोपलेला असू शकतो, झाडांकडून अशी निराशा होत नाही. 1969 मध्ये या बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव मिळालं. टॅक्सीवाल्याला मात्र अजूनही ‘राणी बाग’च सांगावं लागतं.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मुंबईतलं हे सर्वांत जुनं संग्रहालय 1872 मध्ये उघडलं, तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. त्यासाठी निधी उभारण्यात जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर डॉ. भाऊ दाजी पुढे होते. गोव्यातल्या मांद्रे गावचा हा माणूस ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून डॉक्टर झाला. कुष्ठरोगावर औषध शोधायचा, फावल्या वेळात प्राचीन शिलालेख वाचायचा. 1975 मध्ये संग्रहालयाला त्यांचं नाव देण्यात आलं. पुढे इमारतीची फार दुर्दशा झाली होती. मोठ्या दुरुस्तीनंतर 2008 मध्ये ती पुन्हा उघडली, तेव्हा सोनेरी नक्षीचं छत आणि बिडाचे खांब पाहून जुने मुंबईकरही चकित झाले.

मुलांसाठी हे संग्रहालय योग्य आहे याचं मुख्य कारण म्हणजे त्याचा आकार. दमायच्या आत ते पाहून होतं. वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, जुन्या मुंबईतल्या जातीजमातींच्या आणि कारागिरांच्या. पगड्यांचे प्रकार मोजायला लावा, अर्धा तास सहज जातो. होड्यांच्या प्रतिकृती आहेत, जुने पटावरचे खेळ आहेत. आजी सोबत असेल तर इथे तिलाच बोलू द्या.

संग्रहालयाच्या आवारात मात्र जरा रेंगाळा. शहराला जे नकोसं झालं किंवा जे धड नेता आलं नाही, ते इथे येऊन राहिलं आहे. दगडी हत्ती घ्या. तो घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून 1914 मध्ये पुन्हा जोडले. शोधायला लावलं तर मुलांना सांधे सापडतात.

दुसरा आहे काळा घोडा. फोर्टातल्या ज्या चौकाला त्याचं नाव पडलं, तिथून सातव्या एडवर्डचा हा पुतळा 1965 मध्ये हलवला. घोडा गेला, नाव राहिलं. चौकात आता बिनस्वाराचा नवा घोडा उभा आहे. मूळ घोडा आणि त्याच्यावरचा राजा पाहायचा तर भायखळ्यालाच यावं लागतं. संगमरवरी व्हिक्टोरिया राणीही याच आवारात आहे. इतिहासाच्या पुस्तकात स्वातंत्र्यानंतरचे बदल एका परिच्छेदात उरकतात, इथे ते मुलांना हाताच्या अंतरावर दिसतात.

भायखळा स्टेशनवरून चालत येता येतं, पार्किंगच्या भानगडीत पडू नये. बागेचं आणि संग्रहालयाचं तिकीट वेगळं असतं, आणि बुधवारी दोन्ही बंद.

हाताने उद्योग केल्याशिवाय चैन न पडणारी मुलं घरात असतील, तर दुसऱ्या एखाद्या रविवारी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र गाठा. तिथली बरीचशी यंत्रं मुलांनी फिरवून, ओढून पाहावीत अशीच बनवली आहेत. अगदीच लहान असतील तर मलबार हिलवर कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट आहेच. समोरची हँगिंग गार्डन्स पाण्याच्या मोठ्या टाकीच्या छपरावर वसवली आहेत. आपण चालतोय त्या हिरवळीखाली दक्षिण मुंबईचं पिण्याचं पाणी आहे, हे एकदा सांगितलं की पोरं जमिनीला कान लावतात.