दीर्घ आजार आणि कुटुंब : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, अशी एक म्हण आपल्याकडे रूढ आहे. दुखण्याचा वेग कितीही मंद असला तरी ते अखेरीस जाते, हा विश्वास या म्हणीच्या मुळाशी आहे. देवी, पटकी, हिवताप यांसारख्या रोगांच्या काळात हा विश्वास अनुभवाला धरून होता. त्या रोगांतून माणूस एक तर उठत असे, नाही तर दगावत असे. मधली अवस्था फार काळ टिकत नसे. आज मराठवाड्यातील घराघरांत जे आजार वस्तीला आले आहेत त्यांची जात वेगळी आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा ऱ्हास, संधिवात हे विकार एकदा आले म्हणजे बहुधा जात नाहीत. ते आटोक्यात ठेवावे लागतात, आणि ठेवण्याचे हे काम वर्षानुवर्षे चालते. ते काम कोण करतो, कोठे करतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील परिस्थितीच्या अनुषंगाने करावयाचा आहे.

रोग ही शरीराची अवस्था असली तरी रोगी असणे ही एक सामाजिक भूमिका आहे, हा विचार अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कॉट पार्सन्स यांनी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रथम व्यवस्थितपणे मांडला. त्यांच्या मते रोग्यास समाज दोन सवलती देतो व त्याजकडून दोन अपेक्षा करतो. नेहमीच्या कर्तव्यांतून त्याला सुटका मिळते, आणि आजारी पडल्याबद्दल त्याला दोषी धरले जात नाही. त्या बदल्यात लवकर बरे होण्याची इच्छा त्याने बाळगावी आणि जाणकार वैद्याचे साहाय्य घेऊन त्याच्या सांगण्याप्रमाणे वागावे, अशी अपेक्षा असते. तापाने अंथरुणाला खिळलेल्या माणसास हे वर्णन चपखल लागू पडते. तो चार दिवस शेतावर गेला नाही तर घरचे त्याचे काम उचलतात. पाचव्या दिवशी तो उठतो आणि हिशेब पूर्ण होतो.

दीर्घ आजारात मात्र हा हिशेब कधीच पूर्ण होत नाही. मधुमेही माणूस आयुष्यभर कर्तव्यांतून सुटू शकत नाही. त्याला नांगरावयाचे असते, दुकान उघडावयाचे असते, मुलीचे लग्न उरकावयाचे असते. बरे होण्याची अपेक्षा तो पुरी करू शकत नाही, कारण बरे होणे त्या रोगाच्या स्वभावातच नाही. आणि दोष न देण्याची सवलतही त्याला पुरती मिळत नाही. साखर वाढली की ‘पथ्य पाळले नसेल’, असे प्रथम घरातच म्हटले जाते. म्हणजे पार्सन्स यांनी सांगितलेल्या चारही अटी येथे ढिल्या पडतात, आणि रोगी व त्याचे कुटुंब यांना वागणुकीची नवी रीत स्वतःच शोधावी लागते.

ही रीत कोणती, याचा शोध पुढील पिढीतील अभ्यासकांनी घेतला. इंग्लंडमध्ये मायकेल ब्यूरी यांनी संधिवाताच्या रोग्यांशी बोलून १९८२ साली असे दाखविले की, अशा आजाराने माणसाची आयुष्याविषयीची गृहीतेच मोडतात. उद्या काय करावयाचे याबद्दल मनात जी आखणी असते ती पुन्हा करावी लागते. ज्युलिएट कॉर्बिन व अ‍ॅन्सेल्म स्ट्राउस यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात घरी चालणाऱ्या या व्यवहारास सरळ ‘काम’ असे म्हटले आणि त्याचे तीन प्रकार केले : आजाराचे काम, रोजच्या संसाराचे काम आणि विस्कटलेल्या आयुष्याची जुळणी पुन्हा करण्याचे काम. ही तिन्ही कामे एकाच वेळी, एकाच घरात आणि बहुधा त्याच त्या माणसांकडून होत असतात, हे त्यांच्या विवेचनाचे सार होय.

आता हे तत्त्व आपल्या परिसरातील एखाद्या घरास लावून पाहू. कंधार किंवा मुखेड तालुक्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याचे कुटुंब कल्पावे. घरातील वडीलधाऱ्या पुरुषास मधुमेह आहे. डॉक्टरांच्या दृष्टीने उपचार म्हणजे गोळ्या, इंजेक्शन व पथ्य. घराच्या दृष्टीने तो याहून बराच मोठा असतो. पथ्य हा शब्द रोग्यास उद्देशून वापरला जात असला तरी ते चुलीपाशी पाळले जाते. जेवण किती वाजता तयार व्हावे, कोणाच्या ताटात किती भात पडावा, सणाच्या दिवशी पुरणपोळीऐवजी काय वाढावे, हे सून किंवा पत्नी ठरविते. सुदैवाने ज्वारीची भाकरी या भागात मुळातच रोजच्या जेवणातली आहे; परंतु भाकरीही मोजून खावी लागते, ही गोष्ट कष्टकरी माणसाला पटविणे सोपे नसते. सर्वांसाठी एक व रोग्यासाठी एक असा दुहेरी स्वयंपाक करण्याइतके सरपण व वेळ नसेल, तर एक तर सारे घर पथ्यावर जाते किंवा पथ्य मोडते.

पायांची गोष्ट घ्या. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. बाभळीचा काटा मोडून आत राहिला तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून कोणी पाहत नाही. काळ्या रानात अनवाणी हिंडणाऱ्या माणसाच्या बाबतीत याचा परिणाम कधी कधी पायाचे बोट किंवा पाऊलच कापण्यात होतो. तो टाळण्याचा उपाय अगदी साधा आहे : पायात नीट बसणारी वहाण आणि रोज रात्री तळपायाची उजेडात पाहणी. वृद्ध माणसाला स्वतःचे तळपाय दिसत नाहीत, म्हणून हे काम दुसऱ्या कोणास तरी करावे लागते. वैद्यकीय दृष्ट्या अत्यंत मोलाचा हा उपचार कोणत्याही केसपेपरवर नोंदला जात नाही.

इन्सुलिनचेही असेच आहे. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. वापरात असलेली कुपी साधारणतः चार आठवडे खोलीत राहू शकते, परंतु ती खोली फार उष्ण असून चालत नाही. नांदेडचा पारा उन्हाळ्यात ४२ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात त्याहूनही अधिक तापते. ज्यांच्याकडे शीतकपाट नाही, किंवा असूनही वीज टिकत नाही, अशी घरे मातीच्या दोन भांड्यांमध्ये ओली वाळू भरून आतल्या भांड्यात कुपी ठेवतात. अशा माठात ८ अंशांपर्यंत थंडावा येत नाही. परंतु उष्णतेने औषध बिघडण्याचा धोका बराच कमी होतो. वाळू ओली ठेवण्याचे काम मात्र रोज कोणीतरी आठवणीने करावे लागते.

याच तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात व वसंतात परततात. औषधाची नोंद गावच्या आरोग्य केंद्रात आणि रोगी दूरच्या फडात, अशी स्थिती मग उत्पन्न होते. रोगी अशा वेळी आपली सारी कागदपत्रे एका पिशवीत घालून बरोबर नेतो. ही पिशवी हाच त्याच्या आजाराचा इतिहास असतो. ती हरवली तर नव्या डॉक्टरसमोर त्याला आरंभापासून सुरुवात करावी लागते.

मधुमेह किंवा रक्तदाब आटोक्यात राहिला नाही तर कालांतराने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि तेथून कुटुंबाच्या परीक्षेचा दुसरा टप्पा सुरू होतो. मूत्रपिंडरोपण न झाल्यास डायलिसिसवर अवलंबून राहावे लागते. हा उपचार सामान्यतः आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास घ्यावा असे वैद्यकशास्त्र सांगते. अनेकांना तो दोनदाच घेणे शक्य होते. केंद्रापासून ८० किलोमीटरवर राहणाऱ्या रोग्याचा हिशेब मांडून पाहावा. आठवड्यास दोन खेपा म्हणजे वर्षास १०४ खेपा व सुमारे १६,६०० किलोमीटरचा प्रवास. तीन खेपा म्हणजे १५६ खेपा व जवळजवळ २५,००० किलोमीटर. डायलिसिसनंतर थकवा येतो, रक्तदाब उतरतो, म्हणून रोग्याला एकटे पाठविता येत नाही. सोबत जाणाऱ्याचेही तितकेच दिवस जातात. तो मजूर असेल तर तितक्या दिवसांची मजुरी बुडते. शिकणारा मुलगा असेल तर शाळा बुडते.

उपचाराच्या खर्चाचा भार शासनाने काही अंशी उचलला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेडचा समावेश होता. पुढे ती राज्यभर लागू झाली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू आहे. २०१६ साली केंद्र शासनाने जिल्हा रुग्णालयांतून गरिबांस डायलिसिस मिळावे यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आखला. या योजनांमुळे अनेकांचे प्राण वाचले यात शंका नाही. तथापि या योजना रुग्णालयाच्या दाराच्या आतील खर्च मोजतात. दाराबाहेर गेलेला सोबत्याचा दिवस त्यांत धरला जात नाही.

लातूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटास सुमारे ५०० मिलिलिटर द्राव वाहतो. चार तासांत तो १२० लिटर होतो. त्यासाठी लागणारे पाणी अत्यंत शुद्ध असावे लागते, आणि ते शुद्ध करताना बरेचसे पाणी वाया जाते. मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. अशा शहरात पाणीटंचाई हा आरोग्यसेवेच्या नियोजनाचाही प्रश्न ठरतो. विरोधाभास असा की, ज्याच्या एका उपचारास शंभरावर लिटर पाणी लागते त्या रोग्याला स्वतः मात्र दिवसाकाठी मोजकेच पाणी पिण्याची मुभा असते, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती तहान आवरणे हेही आजाराचेच काम होय.

तिसरे काम, म्हणजे आयुष्याची पुन्हा जुळणी, हे डोळ्यांस कमी दिसते. घरचा कर्ता पुरुष आजारी पडला की जमिनीचे निर्णय मुलाच्या हाती जातात. पण मान वडिलांचा राहावा म्हणून विचारण्याचा उपचार पाळला जातो. मुलीचे स्थळ पाहताना घरातील आजार सांगावा की झाकावा, हा प्रश्न उभा राहतो. झाकलेला आजार लग्नानंतर उघड झाला तर दोन कुटुंबांचे संबंध कडवट होतात. उघड केलेला आजार कधी लग्नच मोडतो. स्त्रीच रोगी असेल तर परिस्थिती अधिक बिकट होते. पुरुषाचे पथ्य सांभाळावयास पत्नी असते. पत्नीचे पथ्य सांभाळावयास बहुधा कोणी नसते. ती सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले खाते, आपल्या तपासणीची तारीख पेरणीनंतर किंवा सणानंतर ढकलते, आणि आजार बळावला म्हणजे पुष्कळदा तिला माहेरी पोहोचविले जाते. दीर्घ आजाराचा भार कुटुंब उचलते, असे आपण म्हणतो तेव्हा कुटुंबातील कोण उचलते, हे विचारल्यावाचून ते विधान पुरे होत नाही.

या परिसरातील रुग्णालयांचा विस्तार पाहिला तर त्यामागील प्रयत्न कमी नाहीत. १९५६ साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १९७४ साली अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९८८ साली नांदेडला व २००२ साली लातूरला शासकीय महाविद्यालये आली. डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी लातुरात १९६६ सालीच विवेकानंद रुग्णालयाचा पाया घातला होता. त्यामुळे अपघात, बाळंतपण, शस्त्रक्रिया यांसाठी पूर्वी जो दूरचा प्रवास करावा लागे तो पुष्कळ कमी झाला. परंतु रुग्णालय ही संस्था मूलतः येणाऱ्या, बऱ्या होणाऱ्या आणि परत जाणाऱ्या रोग्याच्या कल्पनेवर उभी आहे. दीर्घ आजाराचा रोगी वर्षातील बहुतेक दिवस घरी असतो, आणि त्याच्या उपचाराचा मोठा भाग तेथेच घडतो.

यावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की, पथ्याचा सल्ला रोग्याबरोबरच स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही समक्ष दिला पाहिजे. दुसरा असा की, २००५ पासून गावोगाव काम करणाऱ्या आशा कार्यकर्त्यांच्या भेटीत पायांची पाहणी, औषधाची साठवण आणि सोबत्याची स्थिती या तीन गोष्टींची विचारपूस व्हावी. त्यास नवे यंत्र लागत नाही. तिसरा असा की, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांस निघण्यापूर्वी पुरेशी औषधे व संक्षिप्त नोंद देण्यात यावी. चौथा असा की, डायलिसिसचे केंद्र कोठे असावे हे ठरविताना रोग्यांच्या संख्येबरोबर त्यांनी वर्षभरात तोडावयाचे अंतरही मोजले जावे. केंद्र २० किलोमीटर जवळ आले तर आठवड्यास दोन खेपा करणाऱ्या रोग्याचा वर्षाचा प्रवास ४,१६० किलोमीटरने कमी होतो.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढेही येथे कामाचे एक मोठे क्षेत्र आहे. रोग्यांची गणना आरोग्य खाते करते. परंतु एका दीर्घ आजारामागे घरातील किती तास, किती दिवस आणि कोणाचे खर्ची पडतात याची नोंद घरी जाऊन, दैनंदिनीच्या पद्धतीने, निदान एक कृषिवर्षभर ठेवली पाहिजे. पेरणी, काढणी व ऊसतोड यांच्या हंगामात पथ्य केव्हा मोडते आणि तपासणी केव्हा चुकते, हे अशा नोंदीतूनच दिसू शकेल. आजार जाणार नाही हे एकदा मान्य केले म्हणजे तो ज्यांना रोज सांभाळावयाचा आहे त्यांच्या श्रमांची मोजदाद करणे, हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते.