नाकातली नळी म्हणजे शेवट नव्हे

अर्धांगवायूनंतर किंवा तोंडाच्या कर्करोगात गिळता येईनासे झाले, की डॉक्टर नाकातून पोटापर्यंत नळी घालतात. इंग्लंडचे डॉ. जॉन रायल यांच्या नावावरून तिला रायल्स ट्यूब म्हणतात. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातून किंवा खारघरच्या टाटा केंद्रातून रुग्ण नळीसह घरी आला, की सारा भार घरातल्या एका बाईवर पडतो. निदान दोघांनी तरी नर्सकडून हे काम शिकून घ्यावे.

आपल्या किनारपट्टीवर आजाऱ्याला पेज देतात. पण नुसत्या पेजेवर अंग झडते. डॉक्टरांना विचारून शिजवलेली डाळ, दूध, उकडलेले अंडे बारीक वाटून, गाळून द्या.

दर वेळी आधी नळीवरची खूण जागेवर आहे ना, ते पाहा. डोके व छाती उंच ठेवा. एका वेळी साधारण २०० मिली अन्न सावकाश उतरू द्या. जोर लावू नका. नंतर नळीत स्वच्छ पाणी सोडा. अर्धा-एक तास रुग्णाला आडवे करू नका.

खोकला किंवा धाप लागली तर लगेच थांबा. नळी निसटली तर घरी घालू नका, दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत मायेपोटी चमचाभर पाणीही तोंडाने पाजू नका. ते फुप्फुसात जाऊन जिवावर बेतू शकते.

गिळणे सुधारले, की नळी काढता येते. तोवर तीच त्याचा घास आहे.