कालवं जरूर खा, पण शिजवून

मुंबईतल्या जपानी हॉटेलांत बर्फावर मांडलेली कच्ची कालवं पोन्झूबरोबर देतात. पोन्झू म्हणजे युझूसारख्या आंबट फळाचा रस आणि सोया सॉस यांचं मिश्रण. मोबाइलवर हे पाहून बदलापूरच्या मांजर्लीतल्या एखाद्या कोकणी घरातही प्रश्न पडेल: आपण कालवांचं कालवण करतो, मग कच्ची का नाहीत?

कालवं पौष्टिक असतात, यात वाद नाही. जपानी जातीच्या १०० ग्रॅम कच्च्या कालवांत जेमतेम ८१ कॅलरी, ९ ग्रॅम प्रथिनं, ५ मिलिग्रॅम लोह आणि १६ मिलिग्रॅमहून अधिक जस्त असतं. पुरुषाला दिवसाला लागणारं जस्त जवळपास तेवढंच. बी-१२ तर गरजेच्या कितीतरी पट मिळतं.

धोका आहे तो कालवाच्या खाण्याच्या पद्धतीत. ते खाडीचं पाणी गाळून त्यातले सूक्ष्म कण खातं. पाण्यात सांडपाणी मिसळलं असेल, तर हिपॅटायटिस-ए आणि नोरोव्हायरससारखे विषाणू त्याच्या अंगात साठतात. व्हिब्रिओ जिवाणू तर कोमट खाऱ्या पाण्यात आपोआपच वाढतात. असं कालव दिसायला, वासाला आणि चवीला अगदी ताजं असू शकतं.

लिंबू पिळलं की जंतू मरतात, हा गैरसमज आहे. पोन्झूनेही ते मरत नाहीत. उलट मीठ वाढतं. एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे लक्षात ठेवावं. जपानमध्येही सगळी कालवं कच्ची खात नाहीत. कच्ची खाण्याची आणि शिजवण्याची पाकिटं वेगळी असतात, त्यावर तसं छापलेलं असतं. आपल्या बाजारातल्या टोपलीवर असं काही लिहिलेलं नसतं. त्यातून बदलापूर पडलं उल्हासच्या गोड्या पाण्याच्या काठी. कालवं येणार लांबच्या खाडीवरून, आणि वाटेत बर्फ कमी पडला तर जंतू झपाट्याने वाढणार.

यकृताचा आजार, मधुमेह किंवा कॅन्सरचे उपचार चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कच्ची कालवं पूर्ण टाळावीत. यकृत दुबळं असेल तर व्हिब्रिओ रक्तात पसरून जिवावर बेतू शकतं. कालवं खाल्ल्यावर थंडी वाजून ताप आला किंवा पायांवर फोड उठले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावं आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगावं.

सोललेली कालवं किमान ३ मिनिटं खळखळून उकळावीत. शिंपल्यासकट असतील, तर शिंपला उघडल्यावर आणखी ३ ते ५ मिनिटं. न उघडलेली फेकून द्यावीत. उष्णतेने जस्त आणि लोह नष्ट होत नाही. जे रसात उतरतं, ते कालवणातून पोटात जातंच. आंबटपणासाठी आपलं कोकम आहेच.