ठिगळ दिसू नये म्हणून

एका छायाचित्रातला माणूस कापून दुसऱ्या छायाचित्रातल्या डोंगरापुढे उभा करायचा, तर त्यात सगळ्यात अवघड काय? आधी वाटते, कापणे. पण कापणे हे चिकाटीचे काम आहे, अवघड नव्हे. अवघड असते ते जोडल्यानंतरचे. कडा नीट कापलेली असते, माणूस योग्य जागी उभा असतो, तरी बघणारा क्षणात म्हणतो, 'हा चिकटवलाय.' नेमके काय खटकले हे मात्र त्यालाही सांगता येत नाही. आज अशी जोडकामे मुलेसुद्धा फोनवर करतात, आणि दुसऱ्यांनी केलेली खरी समजून पुढे पाठवतात. म्हणून हे खटकणे कुठून येते आणि ते घालवण्यासाठी काय करतात, हे जरा मुळापासून पाहू.

जोडचित्रे संगणकाबरोबर आली असा समज आहे. तो खरा नाही. १८५०च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राची छायाचित्रे काढत होता. त्या वेळी काचेवर जे रसायन लावत, त्याच्यावर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. लाटा नीट उमटेपर्यंत प्रकाश दिला, की आकाश पांढरेफटक होऊन जाई. ढग टिपावेत, तर समुद्र काळा. ल ग्रेने आकाशाची एक आणि समुद्राची एक अशा दोन निगेटिव्ह घेतल्या आणि क्षितिजावर सांधा ठेवून त्या एकाच कागदावर छापल्या. सेत बंदराजवळच्या मोठ्या लाटेचे १८५७ सालचे त्याचे प्रसिद्ध चित्र असेच दोन निगेटिव्हचे आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भलेमोठे चित्र केले. पण आम्हाला कौतुक वाटते ते ल ग्रेने निवडलेल्या जागेचे. क्षितिजावर तशीही एक रेषा असतेच. तिच्या वरचा उजेड आणि खालचा उजेड वेगळा असणार, आकाशाचा पोत पाण्यासारखा नसणार, हे बघणाऱ्याला मान्यच असते. कुशल शिंपी कापडाचा जोड शिवणीत लपवतो, त्यातला हा प्रकार. सांधा भिंतीच्या मधोमध किंवा गालाच्या मधोमध आला, की ही सोय संपते.

तिथे काय करायचे हे कळण्यासाठी आधी छायाचित्रात काय काय असते ते पाहू. संगणकातले छायाचित्र म्हणजे बारीक बिंदूंच्या ओळी. प्रत्येक बिंदूला उजळपणाचा एक आकडा असतो, बहुधा ० ते २५५ मधला. समजा, एका खडबडीत भिंतीच्या फोटोतली एक ओळ अशी आहे: १५५, १४५, १५५, १४५. दुसऱ्या, जरा अंधाऱ्या फोटोतली ओळ अशी: ९५, १०५, ९५, १०५. पहिलीची सरासरी १५०, दुसरीची १००. ही सरासरी म्हणजे त्या जागेची छटा. सरासरीच्या वरखाली जे ५-५ चे चढउतार आहेत, तो भिंतीचा पोत. छटा सावकाश बदलते, पोत घाईने बदलतो. एकाच ओळीत दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात, पण साध्या वजाबाकीने ते वेगळे करता येतात.

हे दोन तुकडे शेजारी ठेवले, तर सांध्यावर १५० वरून एकदम १०० अशी पायरी पडते. ती डोळ्यांत भरतेच. मग सुचणारा सोपा उपाय असा की, सांध्याचा एक रुंद पट्टा घ्यावा आणि त्यात दोन्ही चित्रे मिसळून टाकावीत. डावीकडे पहिले जास्त, उजवीकडे दुसरे जास्त, मधोमध निम्मे-निम्मे. आता मधोमधची बेरीज फळ्यावर करून पाहा. १५५ आणि ९५ यांचे निम्मे-निम्मे १२५. १४५ आणि १०५ यांचेही १२५. पुढेही १२५, १२५. छटेची पायरी गेली, पण पोतही गेला! खडबडीत भिंतीत मध्येच एक गुळगुळीत पट्टा. आमचे आकडे मुद्दाम एकमेकांच्या बरोबर उलट घेतलेले आहेत. खऱ्या दोन भिंतींचे चढउतार कधी जुळतील, कधी उलट पडतील. तरी अशा निम्म्या मिश्रणात पोताचा जोर साधारण सत्तर टक्क्यांवरच येतो. खटकायला तेवढे पुरते. जुन्या जोडचित्रांत चेहरा मेणाचा वाटतो तो अशाच कारणाने. उलट पट्टा अगदी अरुंद ठेवला, तर पोत टिकतो, पण पायरी पुन्हा दिसू लागते.

म्हणजे छटेला रुंद पट्टा हवा आणि पोताला अरुंद. मग दोघांना एकच पट्टा का द्यायचा? पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेलसन या अमेरिकन संशोधकांनी १९८३ साली हे पद्धतशीर मांडले. त्यांनी चित्राचे दोनच नव्हे, अनेक थर केले. एका थरात फक्त सगळ्यात बारीक चढउतार, पुढच्यात त्याहून ढोबळ, त्याच्या पुढच्यात आणखी ढोबळ, आणि शेवटी उरतो तो नुसता पसरट उजेड-अंधार. मग प्रत्येक थर स्वतंत्रपणे जोडायचा आणि मिश्रणाचा पट्टा त्या थरातल्या चढउतारांच्या आकारमानाइतकाच ठेवायचा. शेवटी सगळे थर परत एकमेकांत मिळवायचे. त्यांनी दाखवलेले अर्धे सफरचंद आणि अर्धे संत्रे यांचे चित्र आजही या विषयाच्या वर्गात दाखवतात. लाल साल कुठे संपली आणि संत्र्याची साल कुठे सुरू झाली, हे बोट ठेवून सांगता येत नाही.

आता थर वेगळे झाले, म्हणजे एकेकावर काम करता येते. पण त्यातही एक खोच आहे. उन्हातल्या भिंतीचा पोत उचलून सावलीतल्या भिंतीवर तसाच ठेवला, तर तो उठून दिसतो, फार खरखरीत वाटतो. कारण सोपे आहे. उन्हात एखाद्या जागी १५० प्रकाश आणि शेजारच्या खाचेत १४० असेल, तर निम्म्या उजेडात तिथे ७५ आणि ७० असणार. फरक १० चा होता, तो ५ वर आला. छटा निम्मी झाली की पोतही त्याच प्रमाणात उतरवावा लागतो. शिवाय प्रत्येक छायाचित्राला स्वतःचा एक दाणेदारपणा असतो. संध्याकाळी घरात घेतलेल्या फोटोत तो जास्त, भर दुपारच्या फोटोत कमी. घरातल्या माणसाला दुपारच्या मैदानावर उभे केले, तर ते दाणे त्याच्याबरोबर जातात आणि चहाडी करतात. म्हणून जाणते लोक आधी दोन्हीकडचे दाणे कमी करतात आणि शेवटी संपूर्ण चित्रावर एकसारखे दाणे टाकतात.

रंगाचे काम त्या मानाने सोपे, आणि त्याचे श्रेय आपल्या डोळ्यांना. उजळपणातला बारीक फरक डोळा जितका नेमका टिपतो, तितका रंगातला टिपत नाही. हे वर्गात करून पाहा. पांढऱ्या कागदावर फिकट पिवळ्या रंगाचा एक चौकोन रंगवा. त्याच्या कडेने काळ्या पेनने नागमोडी रेषा काढा, कुठे पिवळ्याच्या आत शिरणारी, कुठे बाहेर जाणारी. मुलांना हळूहळू मागे सरकायला सांगा. काही पावलांनंतर पिवळा रंग रेषेपर्यंत पसरलेला आणि रेषेच्या आतच थांबलेला दिसू लागेल. रंगाची हद्द डोळा रेषेवरून ठरवतो! कृष्णधवल फोटो हाताने रंगवणारे कलाकार याच जोरावर काम करत. साडीच्या चुण्या, चेहऱ्याच्या सुरकुत्या खालच्या फोटोतून येत. वर पातळ, पारदर्शक रंगाचा हात फिरला की झाले. छायाचित्रे साठवण्याची १९९२ पासून प्रचलित असलेली जेपेग पद्धतही तेच करते. उजळपणा प्रत्येक बिंदूचा ठेवते, आणि रंग पुष्कळदा चार-चार बिंदूंना मिळून एकच. आपल्याला पत्ता लागत नाही.

जोडचित्रातही म्हणून रंगाचा थर निराळा ठेवून ऐसपैस हाताने बदलता येतो. हिरवळीवर उभ्या माणसाच्या हनुवटीखाली किंचित हिरवी झाक द्यावी लागते, कारण खऱ्या गवतावरून तसा प्रकाश वर येतोच. ही झाक विसरली, तर पोत कितीही जुळवा, माणूस चिकटवलेलाच वाटतो.

पण एकच थर बदलण्याची ही सोय किती दूर जाऊ शकते, याचे एक उदाहरण शिक्षकांनी जवळ ठेवण्यासारखे आहे. जून १९९४ मध्ये अमेरिकेतला माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याला खुनाच्या आरोपावरून अटक झाली. पोलिसांनी काढलेला त्याचा एकच फोटो 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर छापला. 'न्यूजवीक'ने होता तसा छापला. 'टाइम'ने चेहऱ्याची छटा गडद केली, कडांना काळोख आणला. दुकानांत दोन्ही अंक शेजारी-शेजारी लागले आणि फरक सगळ्यांना दिसला. काळ्या माणसाला आणखी काळा करून आधीच गुन्हेगार ठरवले, अशी टीका झाली आणि संपादकांना खुलासा करावा लागला. पुढे १९९५ मध्ये फौजदारी खटल्यात सिम्पसन निर्दोष सुटला. त्या मुखपृष्ठावर बाहेरून आणून चिकटवलेला चेहरा नव्हता. माणूस तोच, फोटोही तोच; फिरवली होती ती मुख्यतः छटा.

विज्ञानातही हा प्रश्न आला. 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी' या नियतकालिकाने २००२ पासून स्वीकारलेल्या निबंधांतली छायाचित्रे छापण्याआधी तपासायला सुरुवात केली. संपूर्ण चित्राचा उजळपणा सारखा वाढवला तर चालते. मात्र त्यातली एखादीच खूण ठळक करणे, पुसणे किंवा हलवणे चालत नाही. तपासण्याची रीत साधी आहे. चित्राचा उजळपणा आणि गडद-फिक्यातला फरक खूप वाढवायचा, म्हणजे एरवी न दिसणारा पार्श्वभूमीचा दाणेदारपणा वर येतो. जिथे काही पुसले असेल, तिथे तो नसतो. गुळगुळीत चौकोन तेवढा उरतो. फोनवरच्या साध्या फोटोवरही मुलांना हे करून बघता येईल. फक्त चित्र मूळ प्रतीतले हवे. दहा जणांकडून फिरून आलेल्या चित्रात दर फेरीला बारीक पोत पुसट होत जातो, आणि खऱ्या भागाचा व ठिगळाचा पोत असा सारखाच झिजला की सांधा शोधायला काही उरत नाही.