‘ईद होऊ दे, मग बघू’

सहेरीला पाणी पिताना गळ्याशी सुपारीएवढे काहीतरी वरखाली होते. अम्मी ओढणी सारखी करतात. सूनबाईच्या नजरेला पडलेच, तर म्हणतात, ‘ईद होऊ दे, मग बघू.’ ईद होते, लग्नसराई येते. गाठ तिथेच असते आणि मनातली धास्तीही. पुष्कळ घरांतली ही गोष्ट आहे.

थायरॉइडच्या शंभर गाठींपैकी नव्वदांहून अधिक कर्करोगाच्या नसतात. मात्र कोणती कसली, हे चाचपून कळत नाही. आधी रक्तातले टीएसएच तपासतात, मग गळ्याची सोनोग्राफी होते. गाठीच्या कडा वेड्यावाकड्या असतील, आत चुन्याचे बारीक कण दिसले, तर डॉक्टर बारीक सुईने पेशी काढून तपासायला पाठवतात. तीच एफएनएसी. टाके नाहीत, भरती होणे नाही. अहवाल सहा गटांत येतो. दुसरा गट म्हणजे साधी गाठ. ठरावीक काळाने सोनोग्राफी करीत राहायचे. पहिला गट आला तर घाबरू नये. पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. बहुधा सुई पुन्हा घालावी लागते.

सोनोग्राफीने रोजाला बाधा येत नाही. सुईबद्दल शंका असेल तर मौलानांना विचारावे किंवा इफ्तारनंतरची वेळ मागावी. आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत सूरह बकरामध्येच आहे.

आवाज घोगरा झाला, घास अडकू लागला किंवा गाठ भराभर वाढली, तर चाँदरातीची वाट पाहू नये. अम्मींना कुणीतरी सोबत हवी असते, इतकेच. सूनबाईने रिक्षा बोलवावी.